गालिच्याची धुलाई आणि सुकवण : महाड-पोलादपूरच्या गृहस्थांसाठी काही सूचना

शिवछत्रपतींच्या राज्यकारभारात जे अठरा कारखाने गणले जात, त्यांत जवाहीरखाना, तोफखाना, दारूखाना यांच्या पंक्तीला फरासखान्यासही मानाचे स्थान होते. राहुट्या, डेरे, कनाती, जाजमे, गालिचे अशी सारी बिछायत या खात्याच्या ताब्यात असे. ज्या रायगडावर ही राजधानी नांदली तो गड महाड शहरापासून सुमारे 25 किलोमीटरांवर आहे, आणि म्हणून बिछायतीची निगा हे एका स्वतंत्र खात्यावर सोपवावे इतके जबाबदारीचे काम आहे, ही जाणीव या मुलखाला नवी म्हणता यावयाची नाही. आज महाडच्या बाजारपेठेतील जुन्या वाड्यांत, नव्या इमारतींतील सदनिकांत आणि पोलादपूरच्या डोंगरउतारावरील घरांतही दिवाणखान्यात गालिचा, देवघरापुढे सतरंजी आणि माळ्यावर कुठेतरी वडिलांच्या वेळचे जाजम असतेच; फरास मात्र कोणाच्याच पदरी उरलेला नाही. ते काम आता एकतर घरच्या माणसांनी करावे लागते किंवा यंत्रे घेऊन येणाऱ्या धंदेवाईक सफाईवाल्यांकडून करवून घ्यावे लागते. ते केव्हा करवावे, कोणत्या पद्धतीने करवावे आणि काम पदरात नीट पडले की नाही हे कसे पारखावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक सिद्धान्त सांगून ठेवतो, कारण पुढील सर्व सूचना त्यावरच आधारलेल्या आहेत. पुण्या-नगरच्या कोरड्या हवेत गालिच्याचा मुख्य शत्रू धूळ असेल. महाड-पोलादपुरात तो ओलावा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या दोन तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतांशी मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडून जातो. त्या काळात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर पांढरी बुरशी धरते, मग पायांखालचा जाड, लवदार, हवा न खेळणारा गालिचा कोरडा राहील अशी अपेक्षा करणेच व्यर्थ आहे. अशा ठिकाणी धुतलेला पण पुरता न सुकलेला गालिचा हा न धुतलेल्या गालिच्याहून वाईट, कारण सुमारे दोन दिवस ओला राहिलेल्या कापडात बुरशी मूळ धरू लागते आणि एकदा तिचा कुबट वास पाठीच्या विणीत शिरला की तो काढणे अतिशय दुर्घट होते. सबब धुलाईचा विचार करताना सुकवणीचा विचार आधी करावा.

वर्षाचे वेळापत्रक

सुकवणीचा विचार केला की सफाईचा मोसम आपोआप ठरतो. पुष्कळ घरांत वर्षाची मोठी सफाई गणपतीच्या आधी काढण्याची रीत आहे, आणि मुंबईहून चाकरमानी मंडळी घरी येणार, पाहुण्यांची बैठक होणार, या दृष्टीने ती स्वाभाविकही आहे. तथापि श्रावण-भाद्रपदातील हवा दमट, ऊन बेभरवशाचे आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, अशा स्थितीत लोकरीचा गालिचा ओला करणे म्हणजे त्याला बुरशीच्या स्वाधीन करणे होय. गणपतीत बैठकीसाठी पातळ सुती सतरंज्या किंवा प्लास्टिकच्या चटया अंथराव्यात, त्या एका दुपारच्या उघडिपीत वाळतात. आणि मोठा गालिचा गुंडाळलेलाच ठेवावा.

याउलट चैत्र-वैशाखात ऊन मुबलक असते, पण तेव्हा पाण्याची अडचण उभी राहते. पावसाळ्यात महापुराची धास्ती बाळगणाऱ्या याच भागात, विशेषतः पोलादपूर तालुक्यातील डोंगरवाड्यांत, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते. आणि एका मध्यम गालिच्याच्या धुलाईस पाण्याचे पिंपच्या पिंप लागते. म्हणून ओल्या धुलाईला खरा योग्य काळ म्हणजे दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा. त्या दिवसांत विहिरींना पाणी असते, हवा कोरडी असते आणि ऊन पोळणारे नसते. वैशाखात केवळ झटकणी, धूळ काढणे आणि दोन दिवसांचे ऊन द्यावे. मृगाच्या आधी गालिचा घडी न घालता गुंडाळून, जुन्या सुती चादरीत बांधून, माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर चढवावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो बांधू नये, कारण आत राहिलेली थोडीशी ओलही तेथे कोंडून पडते. गुंडाळीत डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवाव्यात, म्हणजे लोकरीला कसर लागत नाही. मात्र घरात लहान मुले असल्यास त्या त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा बेताने ठेवाव्यात.

गालिच्याची जात ओळखणे

सफाईवाल्यास बोलावण्यापूर्वी आपला गालिचा कशाचा आहे हे मालकास ठाऊक असले पाहिजे. भदोही-मिर्झापूरकडून येणारे हाती विणलेले लोकरीचे गालिचे, सुती सतरंज्या व जाजमे, तागाच्या पाठीचे गालिचे, आणि अलीकडे सर्वत्र दिसणारे पॉलिप्रॉपिलीन वा नायलॉनचे यंत्रावर विणलेले गालिचे, या सर्वांना एकच औषध लागू पडत नाही. शंका असल्यास झालरीतील किंवा पाठीमागील एक धागा काढून, गालिच्यापासून दूर, चिमट्यात धरून जाळून पाहावा : लोकर व रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते, सूत व ताग कागदासारखे जळतात, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. झालर आणि लव यांचे धागे वेगवेगळ्या जातींचे असू शकतात, म्हणून दोन्ही तपासावेत. व्हिस्कोस नावाचा जो चकचकीत, रेशमासारखा दिसणारा धागा आहे तो सुताप्रमाणेच जळतो, परंतु ओला झाला की फार दुर्बळ होतो. अशा गालिच्यास घरी पाणी लावूच नये.

या परीक्षेवर पुढचे सारे अवलंबून आहे. लोकरीला क्षार मानवत नाही. धुण्याचा सोडा तिला कडक व निस्तेज करतो आणि क्लोरीनयुक्त ब्लीच तर तिला अक्षरशः विरघळवते. तिला कोमट पाणी आणि सौम्य, क्षाररहित साबण हवा. आपल्याकडील जुन्या घरांत घोंगड्या व शाली रिठ्याच्या पाण्यात धुण्याची जी चाल होती ती याच कारणाने सुज्ञ होती. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल हातास न जाणवता सामावून घेते, म्हणून तिच्या बाबतीत स्पर्शावर भिस्त ठेवता येत नाही. सुती व तागाच्या वस्तूंची अडचण निराळी आहे : त्या सावकाश सुकल्या तर धाग्यातील रंगद्रव्य पाण्याबरोबर वर चढून लवेच्या टोकांवर तपकिरी डाग उमटतात, आणि कोकणच्या हवेत सावकाश सुकणे हाच नियम असल्याने हे डाग येथे पुष्कळदा दिसतात. कृत्रिम धागा पाणी पीत नाही, त्यामुळे तो या हवेला सर्वांत सोयीचा. मात्र तेलकट डाग तो घट्ट धरून ठेवतो.

सफाईच्या पद्धती आणि त्यांची पारख

धंदेवाईक सफाईचे चार मुख्य प्रकार येथे प्रचारात आहेत किंवा शहरांतून येथे येतात. पहिला म्हणजे जोरदार व्हॅक्यूम यंत्राने दोन्ही बाजूंची कोरडी धूळ ओढून काढणे. ही क्रिया स्वतंत्र सफाई म्हणूनही पुरेशी ठरते आणि पुढील कोणत्याही ओल्या धुलाईपूर्वी ती अनिवार्य आहे, कारण धूळ काढल्याशिवाय पाणी घातले तर लवेच्या मुळाशी चिखल तयार होतो. दुसरा प्रकार शाम्पूचा फेस फिरत्या ब्रशाने चोळण्याचा. तो स्वस्त व शीघ्र आहे, परंतु फेस पुरता ओढून न काढल्यास साबणाचा चिकट अंश मागे राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत गालिचा पूर्वीपेक्षा लवकर मळतो. तिसरा प्रकार गरम पाण्याचे फवारे मारून तेच पाणी मळासकट लगेच ओढून घेण्याचा, ज्याला लोक सामान्यतः स्टीम क्लीनिंग म्हणतात. कृत्रिम धाग्याच्या गालिच्यास तो उत्तम. मात्र यंत्राची ओढ कमकुवत असेल तर अर्धे पाणी गालिच्यातच राहते, आणि आपल्या हवेत तोच घाताचा मुद्दा ठरतो. चौथा प्रकार म्हणजे गालिचा उचलून कारखान्यात नेणे, तेथे यंत्रावर झटकून, दोन्ही बाजूंनी धुऊन, पिळणी यंत्रात पाणी काढून बंदिस्त उष्ण खोलीत वाळविणे. हाती विणलेल्या, वंशपरंपरेने आलेल्या मूल्यवान गालिच्यास हाच प्रकार करावा, असे माझे निश्चित मत आहे.

महाडकरांना अशा सोयीसाठी पनवेल, मुंबई किंवा पुण्याकडे पाहावे लागते. मुंबई-गोवा महामार्ग बारमाही असला तरी पुण्याकडे जाणारा वरंध घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावे लागतात. हेही दसऱ्यानंतरचा काळ धरण्याचे आणखी एक कारण. एका घरच्या एका गालिच्यासाठी दूरवरून यंत्र व माणसे बोलाविणे महाग पडते, म्हणून एका आळीतील किंवा इमारतीतील चार-पाच कुटुंबांनी मिळून एकच दिवस ठरविला तर प्रवासखर्च वाटला जातो आणि व्यावसायिकासही पूर्ण दिवसाचे काम मिळते.

काम ठरविण्यापूर्वी त्याला काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत, आणि ते विचारण्यात संकोच मानू नये. दर चौरस फुटावर आहे की नगावर, त्यात ने-आण, डाग काढणे व कर समाविष्ट आहेत की नाहीत? धागा ओळखून त्याप्रमाणे साबण बदलणार का? रंग सुटतो की नाही हे ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यावर आधी तपासणार का? यंत्रास 15 अँपिअरचा सॉकेट लागतो का, आणि लागत असल्यास आपल्या घराची वायरिंग तेवढा भार पेलेल का? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : गालिचा किती तासांत सुकेल, आणि तो तसा सुकावा म्हणून आपण कोणती यंत्रे बरोबर आणता? घरीच ओली सफाई केलेला गालिचा सायंकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत कोरडा व्हावयास हवा. ज्याच्याजवळ हवा फेकणारे पंखे नाहीत आणि दमट दिवशी ओल शोषणारे यंत्र नाही, त्याचा शाम्पू कितीही सुगंधी असला तरी त्यास काम देऊ नये.

गालिचा बाहेर पाठवावयाचा झाल्यास त्याची लांबी-रुंदी, आधीचे डाग, फाटलेली झालर, विरलेल्या जागा यांची नोंद पावतीवर करून घ्यावी आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत; लेखी नोंद नसेल तर पुढे वादाचा निवाडा होणे कठीण. तो परत आल्यावर लगेच अंथरू नये. एखादा हातभर प्लास्टिकचा तुकडा लवेवर कडा दाबून पसरावा आणि तास-दीड तास तसाच ठेवावा. खालच्या बाजूस पाण्याची वाफ धरली तर गालिचा अजून ओला आहे असे समजून तो पाठ वर करून सावलीच्या वाऱ्यात टांगावा. कडक उन्हात रंगीत बाजू वर ठेवल्यास रंग विटतो.

आणखी एक कर्तव्य येथे सांगितले पाहिजे. सफाईत निघालेले साबणाचे व रसायनांचे मळके पाणी विहिरीच्या काठी, ओढ्यात किंवा नदीत सोडू देऊ नये. सावित्री व गांधारी यांच्या काठच्या लोकांनी त्या पाण्याची काळजी घ्यावयाची नाही तर कोणी घ्यावयाची? आणि जे कामगार गुडघ्यांवर बसून आपल्या घरचा मळ काढतात त्यांस हातमोजे आहेत की नाहीत हे पाहणे, त्यांना पाणी-चहा देणे आणि ठरलेली मजुरी वेळेवर चुकती करणे, हेही गृहस्थधर्मातच मोडते.

नित्याचे डाग

दररोजच्या डागांच्या बाबतीत नियम थोडे आहेत. डाग पडताच टिपावा, घासू नये. बाहेरून आत टिपीत यावे, म्हणजे तो पसरत नाही. आषाढात लावणीच्या दिवसांत पायांबरोबर आलेला चिखल ओला असताना पुसू जाऊ नये, तो वाळू द्यावा आणि मग ब्रशाने व व्हॅक्यूमने काढावा. तांबड्या मातीतील लोहाच्या अंशामुळे तिच्या डागावर ब्लीच वापरल्यास तो अधिकच पक्का होतो. हळदीवर साबण वा सोडा लावला की ती लाल होते हे सर्वांस ठाऊक आहे, पण हळदीचा रंग उन्हात विटतो याचा उपयोग थोडेच लोक करतात. ती जागा थंड पाण्याने टिपून काही तास उन्हात ठेवावी. समईचे तेल सांडल्यास त्यावर टाल्कम पावडर किंवा मक्याचे पीठ दाबून रात्रभर ठेवावे आणि सकाळी झाडून घ्यावे. कुंकू व गुलाल आधी कोरडेच उचलावेत; पाणी लागताच ते धाग्यात शिरतात.

महापुरानंतर

आता ज्या विषयाने महाडकरांच्या मनास अजूनही वेदना होतात त्याकडे वळतो. 2021 च्या जुलैमध्ये, 22 व 23 तारखांना, सावित्रीच्या उगमाकडे महाबळेश्वरावर चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, आणि पोलादपूरवरून उतरणारी सावित्री व महाडास येऊन मिळणारी गांधारी या दोन्ही नद्यांनी शहरास वेढले. बाजारपेठेत अनेक ठिकाणी पाणी पुरुषभर उंचीहून वर चढले. त्याच 22 तारखेस तळिये गावावर दरड कोसळून जो मनुष्यसंहार झाला त्यापुढे घरातील वस्तूंची हानी ती काय, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. तथापि पाणी ओसरल्यावर घरोघर जो चिखलाचा थर उरला, तो उपसण्यासाठी मुंबई, ठाणे, नवी मुंबई येथील महापालिकांची सफाई-पथके धावून आली, आणि त्या चिखलात संसाराच्या संसार बाहेर काढून टाकावे लागले, त्या अनुभवाचा उपयोग पुढील प्रसंगासाठी न करणे हे शहाणपणाचे होणार नाही.

पुराचे पाणी म्हणजे केवळ नदीचे पाणी नसते. त्यात शौचकूपांतील मैला, गटारांतील घाण, वाहनांचे तेल आणि दुकानांतील खते-औषधे मिसळलेली असतात. तेव्हा गालिच्यास हात लावण्यापूर्वी विजेचा मुख्य खटका बंद करावा, गमबूट व रबरी हातमोजे घालावेत, पायास जखम असल्यास चिखलात उतरू नये, आणि लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक औषधाविषयी सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोणतीही वस्तू फेकण्याआधी तिची छायाचित्रे काढावीत आणि शक्य असेल तर तलाठ्यांचा पंचनामा होईपर्यंत ती अंगणात वा गच्चीवर स्वतंत्र रचून ठेवावी; घराचा विमा असल्यास कंपनीस तत्काळ वर्दी द्यावी. नुकसानीचा दाखला आणि विम्याचा दावा या दोहोंस पुरावा लागतो, आणि कचऱ्याच्या गाडीत गेलेल्या वस्तूचा पुरावा मागाहून उभा करता येत नाही.

त्यानंतर मन घट्ट करून वर्गवारी करावी. फोमची गादी किंवा अस्तर, जमिनीस चिकटविलेले कार्पेट, रबरी डिंकाने पाठ जोडलेले गालिचे आणि तागाच्या पाठीचे गालिचे मैलायुक्त पाण्यात भिजले असतील तर ते टाकूनच द्यावेत. त्यांच्या आतल्या थरांपर्यंत ना साबण पोहोचतो ना ऊन. सुती सतरंज्या, प्लास्टिकच्या चटया, पाठीला डिंक नसलेले विणीचे कृत्रिम गालिचे आणि हाती गाठी मारून विणलेले लोकरीचे गालिचे मात्र वाचविता येतात. ज्या घरात तान्हे मूल किंवा दम्याचा रोगी आहे तेथे संशयाचा लाभ वस्तूस देऊ नये.

जे वाचवावयाचे ते चिखल ओला असतानाच धुवावे. कोरड्या धुळीचा नियम येथे उलटा होतो, कारण पुराचा बारीक गाळ एकदा धाग्यात वाळला की तो निघत नाही. गालिचा उतरत्या फरशीवर पसरून लवेच्या दिशेने नळीच्या पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन्ही बाजूंनी धुवावा. खराट्याने घासू नये. ओला गालिचा गुंडाळून ठेवणे हा सर्वांत घातक प्रमाद होय. तो दोन-तीन बांबूंच्या मांडवावर टाकावा, एकाच दोरीवर लोंबकळू देऊ नये, कारण पाण्याच्या भाराने वीण उसवते. ब्लीचिंग पावडर सिमेंटच्या फरशीस व प्लास्टिकच्या चटईस चालते. लोकर, रेशीम व रंगीत सूत यांस ती लावू नये, आणि संडास साफ करण्याच्या ॲसिडशी तिचा संयोग कदापि होऊ देऊ नये, कारण त्यातून प्राणघातक क्लोरीन वायू निघतो. लोकरीच्या गालिच्याचे निर्जंतुकीकरण धंदेवाईक कारखान्याकडूनच करवावे, आणि तेथे तो दोन दिवसांच्या आत पोहोचेल अशी तजवीज करावी. रस्ते बंद असल्यास निदान धुऊन, निथळून, वाऱ्यावर टाकलेला असावा.

तात्पर्य असे की या दोन तालुक्यांतील गृहस्थाने सफाईचा खर्च करताना सुगंध, फेस आणि यंत्राची भपकेबाजी पाहू नये. सुकवणीची हमी पाहावी. दसरा ते शिमगा या काळात वर्षातून एकदा ओली धुलाई, वैशाखात झटकणी व ऊन, मृगापूर्वी वरच्या मजल्यावर रवानगी, एवढा क्रम जो पाळील त्याचा गालिचा पुढच्या पिढीच्याही पायांखाली येईल. नदीकाठच्या सखल वस्तीत राहणाऱ्या वाचकांस माझी कळकळीची विनंती आहे की यंदाचा मृग लागण्यापूर्वी, आकाश निरभ्र असतानाच, आपली बिछायत वर चढवून ठेवावी.